कप्पा सातमधला ‘ते पांढरे’

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. लिफ्टचे सरकते दार वरच्या बाजूला एका लोखंडी पट्टीवर लटकलेले असते. त्या पट्टीवरून धावणारे छोटे चाक म्हणजे मी. तुम्ही लिफ्टमध्ये शिरता, बटण दाबता आणि दार बंद होते, तेव्हा तुमच्या डोक्यावर माझीच धावपळ चाललेली असते. तुमच्यापैकी कोणी मला कधी पाहिलेले नाही, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. मला वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. ती सांगताना मान खाली घालावीशी वाटते. पण चाकाला मान नसते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पांढरे नायलॉन तापवून साच्यात ओतले, कडेने खाच पाडली, पोटात पोलादी बेअरिंग दाबून बसवले आणि मी तयार झालो. शेवटच्या टेबलावर जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई बसत. त्या प्रत्येक रोलर बोटावर फिरवून कानाशी नेत. माझी पाळी आली, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, “हा बघ गं, लोण्यासारखा फिरतोय. आवाज म्हणून नाही!”

त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षे जगलो. आम्हा चार भावंडांना एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले, वर आमचे नाव छापले आणि आम्ही निघालो.

आम्ही पोचलो ते सुट्या भागांच्या एका दुकानात. रस्त्याच्या वळणावरचे ते दुकान पुढून अरुंद आणि मागे लांबच लांब होते. काउंटरच्या मागे लोखंडी कप्प्यांच्या रांगा होत्या. प्रवासात आमचे आणि आमच्यासारखी आणखी काही खोकी भिजून फाटली होती, म्हणून दुकानाच्या मालकांनी आम्हा सगळ्यांना एका साध्या डब्यात घातले आणि काउंटरला लागून असलेल्या सातव्या कप्प्यात ठेवले. डब्यावर काही लिहिले नाही. त्यांना लिहायची गरजच पडत नसे. गिऱ्हाईक हातवारे करून सांगे, “अहो, ते असं असं असतं बघा, आत एक दांडी असते…” आणि मालक वाक्य संपायच्या आत उठून ती वस्तू आणून देत. सगळे दुकान त्यांच्या डोक्यात होते.

मग एका हिवाळ्यात मालक वारले आणि त्यांच्या डोक्यातले दुकान त्यांच्याबरोबर गेले. आम्हाला बनवणारा कारखानाही तोवर बंद पडला होता.

दुकान त्यांच्या दोन मुलांकडे आले. थोरले शांत आणि विसरभोळे, तर धाकटे बोलके आणि घाईचे. धाकट्यांनी ठरवले की दुकानातली प्रत्येक वस्तू इंटरनेटवर घालायची, म्हणजे कुठल्याही गावचा माणूस नाव टाकून शोधेल आणि घरबसल्या मागवेल. कल्पना चांगली होती. दोघे भाऊ दोन संगणकांवर बसले आणि कप्पे वाटून घेऊन नावे भरू लागले. भरता भरता त्यांच्यात चुरस लागली. कोण जास्त भरतो! आणि चुरशीत जे होते तेच झाले. एकाच बटणाला थोरल्यांनी ‘बटन’ लिहिले, धाकट्यांनी ‘बटण’ लिहिले, पुढच्या कप्प्यात तेच ‘दाबायचे’ झाले आणि त्याच्या पुढच्यात ‘लाल गोल’.

सातवा कप्पा थोरल्यांकडे होता. जेवायची वेळ झालेली. त्यांनी डबा उघडला, मला पाहिले, एक क्षण थांबले आणि टाइप केले: ‘ते पांढरे’.

धाकट्यांनी मान वळवून विचारले, “दादा, ‘ते पांढरे’ म्हणजे काय रे?”

“अरे, ते पांढरे रे! बाबा द्यायचे बघ. मला माहीत आहे.”

“तुला माहीत आहे, गिऱ्हाइकाला माहीत आहे का?”

“तू तुझे ‘लाल गोल’ सांभाळ.”

दोघे हसले आणि जेवायला गेले. माझा फोटोही काढायचा राहून गेला. लोण्यासारखा फिरणारा मी, ‘ते पांढरे’ झालो. आधी मला त्याचे हसू आले, मग राग आला आणि हळूहळू लाज वाटू लागली. शेजारच्या कप्प्यातून वस्तू निघत, कागदात गुंडाळल्या जात आणि कामाला लागत. आमचा डबा मात्र कोणी हलवत नसे. त्याच्यावर धूळ बसली. कधी कोणी झटकलीच, तर डबा उचलून धूळ झटकी आणि पुन्हा होता तिथे ठेवी.

एका सकाळी दुकानातला फोन वाजला. धाकट्यांचे हात कामात होते, म्हणून त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे लिफ्टचे एक मिस्त्री होते.

“साहेब, दाराची चाकी मिळेल का? जुन्या लिफ्टची?”

“कसली चाकी?”

“अहो, दार लटकतं ना वर, त्या पट्टीवर फिरते ती. तुमच्या साइटवर दोन दिवस शोधतोय, काही दिसत नाही.”

मित्रांनो, मी सगळे ऐकत होतो. धाकटे माझ्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी नुसता हात मागे केला असता तरी तो आमच्या डब्याला लागला असता. त्यांनी ‘चाकी’ लिहून शोधले, तर सामान वाहायच्या गाड्यांची चाके आली. ‘दाराची चाकी’ लिहिले, तर काहीच आले नाही.

“नाही हो. आमच्याकडे नाही.”

“जरा नीट बघा ना, साहेब. दुसऱ्या मापाची बसवून बघितली, तर दार मध्येच अडकलं. दार पुरतं मिटलं नाही की लिफ्ट चालत नाही. पाचव्या मजल्यावर एक मावशी आहेत, त्यांचे गुडघे गेलेत. त्यांचे यजमान शुश्रूषागृहात असतात, आणि त्या रोज दुपारी डबा घेऊन त्यांना भरवायला जायच्या. लिफ्ट बंद पडल्यापासून घरात अडकून पडल्यात.”

“अरेरे,” धाकटे म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “पण असती तर दिली नसती का? मिळाली तर कळवतो.”

त्यांनी फोन ठेवला. मी डब्यात उताणा पडून होतो. हाक मारायला मला आवाज नव्हता आणि घरंगळत जायला जागा नव्हती. ज्या एकाच कामासाठी मला बनवले, ते काम माझे नाव शोधत दारापर्यंत आले होते, आणि मी घरात असून ‘घरात नाही’ असे त्याला सांगितले गेले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपण साच्यातून बाहेरच आलो नसतो तर बरे झाले असते.

मिस्त्रींचा आणखी एकदा फोन आला. या वेळी त्यांनी ‘रोलर’ म्हणून विचारले. तेव्हा रंगाचे रोलर सापडले, छपाईच्या यंत्राचे सापडले, मी सापडलो नाही. त्यानंतर त्यांनी फोन करणे सोडून दिले.

पुढे काही आठवड्यांनी दुकानात एक घोटाळा झाला. एका गिऱ्हाइकाने बटण समजून ‘लाल गोल’ मागवले आणि त्याला गेले दिव्याचे झाकण. त्याने ते परत पाठवले, वर एक खरमरीत निरोपही पाठवला. तो निरोप वाचला थोरल्यांच्या बायकोने. धाकटे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनी एका वाचनालयात नोकरीला होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्या दुपारी दुकानात आल्या आणि संगणकासमोर बसून बराच वेळ नुसत्या वाचत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, “आमच्याकडे पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं, की ते हरवलंच म्हणून समजायचं. तुमचं तर अख्खं दुकान हरवलंय.”

“अगं, पण वस्तू सगळ्या आहेत की जागेवर!” थोरले म्हणाले.

“आहेत ना. कुणाला सापडणार आहेत?”

दुसऱ्या दिवसापासून वहिनी कामाला लागल्या. त्यांनी नियम घालून दिला. आधी वस्तू काय आहे ते लिहायचे, मग ती कुठे बसते, मग कशाची आहे, आणि शेवटी माप. प्रत्येक वस्तूसाठी हाच क्रम, आणि एका शब्दाची एकच रीत.

“पण वहिनी, लोक काय काय म्हणतात! कुणी चाक म्हणतो, कुणी चाकी, कुणी व्हील,” धाकटे म्हणाले.

“म्हणू दे की. ते सगळे शब्द त्या वस्तूच्या खाली जोडायचे. कुणी काही म्हणून शोधू दे, पोचला पाहिजे एकाच जागी.”

काम सोपे नव्हते. ‘बटण’ की ‘बटन’ यावरून दोघे भाऊ एक अख्खी दुपार एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी वहिनींनीच ‘बटण’ असा निकाल दिला. थोरले फुरंगटून म्हणाले, “बाबा ‘बटन’ म्हणायचे.” वहिनींनी लगेच ‘बटन’ खाली जोडले आणि भांडण मिटले.

असे करत त्या सातव्या कप्प्यापाशी आल्या. त्यांनी आमचा डबा काउंटरवर ठेवला, मला बाहेर काढून पदराने पुसले आणि बोटावर फिरवले. किती वर्षांनी कोणीतरी मला फिरवत होते! पण माझा आनंद फार टिकला नाही.

“अहो, हे ‘ते पांढरे’ म्हणजे काय?”

थोरल्यांनी मला हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. “हे… अगं, हे ते… मला माहीत होतं गं.” त्यांचा चेहरा पडला. “बाबा असते तर लगेच सांगितलं असतं.”

“‘इतर’मध्ये टाकून द्या, वहिनी,” धाकटे तिकडून म्हणाले.

“‘इतर’ हे काही नाव नाही, भाऊजी. त्याला खाच आहे, आत बेअरिंग आहे. कशावर तरी धावत असणार. एखाद्या पट्टीवर.”

धाकट्यांचे हात थांबले. ते उठून जवळ आले आणि माझ्याकडे पाहू लागले. मित्रांनो, माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उतरतो ते मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिले.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “एक मिस्त्री विचारत होते. दार लटकतं त्या पट्टीवर फिरते ती चाकी. मी नाही म्हणून सांगितलं. दोनदा.”

मग वहिनींनी फोन त्यांच्यापुढे सरकवला. धाकट्यांनी माझा फोटो मिस्त्रींना पाठवला आणि पाठोपाठ त्यांचा फोन आलाच.

“साहेब, हीच! अहो, हीच ती! कुठे मिळाली?”

धाकट्यांनी वहिनींकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “आजच… आजच माल आलाय.”

वहिनींनी त्यांना टोकले नाही. फोन संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीच नेऊन द्या. आणि ते नेमकं कुठे बसतं ते डोळ्यांनी बघून या. मला नाव लिहायचं आहे.”

म्हणून मी धाकट्यांच्या खिशात बसून त्या इमारतीत गेलो. मिस्त्रींनी आम्हा चौघांना जागेवर बसवले, पट्टी पुसली, दार लटकवले आणि हाताने एकदा सरकवून पाहिले. मी धावलो. काय सांगू, पट्टीवरची ती पहिली धाव! क्षणभर मी सगळे विसरलो.

लिफ्ट पाचव्या मजल्यावर गेली. दार उघडले, तर समोर मावशी तयार होऊन उभ्या होत्या. इस्त्री केलेली साडी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात डबा. त्यांनी आत पाऊल टाकले आणि दारावर हात थोपटला. “सुरू झालास बाबा एकदाचा. शहाणा आहेस.”

मित्रांनो, इतके गोड शब्द मला कोणी कधी ऐकवले नव्हते, आणि इतके बोचलेही कोणते नव्हते. मला त्या पट्टीवरून खाली पडावेसे वाटले. त्यांनी धाकट्यांनाही हात जोडले. “मिस्त्री सांगत होते, तुम्ही आज माल आला तसे स्वतः धावत आलात. देव तुमचं भलं करो.”

धाकटे काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, “मावशी, मी सोडतो तुम्हाला. गाडी आणली आहे.” आणि ते त्यांना शुश्रूषागृहात घेऊन गेले.

संध्याकाळी दोघे परत आले. दार मिटले आणि लिफ्ट चढू लागली.

“द्या तो डबा, मी धरतो,” धाकटे म्हणाले.

“जड आहे रे. भरलेलाच आहे.”

“काका जेवले नाहीत?”

“जेवले. तिथल्या मुलीच्या हातून जेवले. आता तिच्याच हातची सवय झालीय.” मावशी दाराकडे बघत म्हणाल्या, “मला बघून उठून उभे राहिले. म्हणाले, या बाई, बसा. कुणाकडे आलात?”

धाकट्यांनी डबा हळूच आपल्या हातात घेतला.

“घराचा पत्ता विसरले होते, मुलाचं नाव विसरले होते. पण मी दारात दिसले की म्हणायचे, अगं, आज उशीर केलास. तेवढं ‘अगं’ राहिलं होतं रे. डॉक्टर म्हणाले, तुम्ही रोज दिसत होतात म्हणून तेवढं टिकलं होतं.”

पाचवा मजला आला. मी दार उघडले. मावशी बाहेर पडल्या, तशी धाकट्यांनी हात घालून दार अडवले.

“मावशी, मी सकाळी खोटं बोललो. माल आज आलेला नाही. हे रोलर आमच्याच दुकानात होते, इतके दिवस. माझ्या पाठीमागच्या कप्प्यात. आम्ही नाव धड लिहिलं नव्हतं, म्हणून सापडले नाहीत. आणि मी उठून बघितलं नाही.”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. “मग आता मी काय म्हणू? जाऊ दे म्हणू?” त्यांनी मान हलवली. “नाही रे म्हणवत.”

त्यांनी डबा घेतला आणि त्या काठी टेकत घरात गेल्या. धाकटे तसेच उभे होते आणि मी दार मिटू की नको या पेचात त्यांच्या हाताला टेकून राहिलो होतो.

त्यानंतर धाकट्यांनी रोज दुपारी गाडी घेऊन यायला सुरुवात केली. मावशी त्यांच्याबरोबर जात, पण बोलत फारसे नसत. एक दिवस लिफ्टमध्ये त्याच म्हणाल्या, “तू उद्यापासून येऊ नकोस.”

“मावशी, मला तेवढं तरी करू द्या.”

“मला रिक्षा मिळते. तुझ्या दुकानात अजून किती कप्पे राहिलेत?”

“बरेच राहिलेत.”

“मग तिथे बस. माझ्यासारखी आणखी कुणी कुठल्या मजल्यावर अडकली असेल. तिला जे हवंय, ते तुझ्या त्या कप्प्यांत असेल.”

धाकटे दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. मिस्त्री अधूनमधून पट्टीला तेल द्यायला येतात, त्यांच्या बोलण्यातून मला पुढचे कळले. दीर आणि भावजय मिळून एकेक कप्पा हातावेगळा करत आहेत. थोरले प्रत्येक वस्तूचा फोटो काढतात, आणि ज्या वस्तूचे नाव येत नाही ती घेऊन स्वतः मिस्त्री लोकांना विचारत फिरतात. मिस्त्री एकदा खालच्या पहारेकऱ्याला सांगत होते, “परवा मी मुद्दाम ‘दाराची चाकी’ टाकून बघितलं. आलं की लगेच! रोलर, लिफ्टच्या दाराचा, नायलॉनचा, खाली माप. शेजारी फोटो. डोळे मिटून मागवावं.”

ते नाव माझे होते. किती साधे, किती नीटनेटके! ते ऐकून मला आनंद झाला, नाही असे नाही. पण मावशी लिफ्टमध्ये शिरल्या की तो आनंद विरून जातो. त्या आजही रोज दुपारी डबा घेऊन जातात. दार उघडताना मी शक्य तितका हळू, शक्य तितका बिनआवाज धावतो. माझ्या हातात तेवढेच आहे.

काका अजूनही त्यांना बाईच म्हणतात. परवा शेजारीण लिफ्टमध्ये होती. तिने विचारले, “ओळखलं का हो आज?”

“नाही गं,” मावशी म्हणाल्या. “पण निघताना म्हणाले, बाई, तुम्ही बसलात की बरं वाटतं. उद्या पण येत जा.”

मित्रांनो, माझी कडा आता झिजू लागली आहे. पोटातले बेअरिंगही कधीमधी कुरकुरते. लवकरच मिस्त्री मला काढतील आणि माझ्या जागी दुसरा रोलर बसवतील. त्याची मला खंत नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी दुकानात, दवाखान्यात, कचेरीत कामाला लागाल, आणि कधीतरी जेवायच्या आधी घाईघाईने एखाद्या वस्तूचे नाव तुम्हाला लिहावे लागेल. तेव्हा तुम्हाला ती वस्तू ओळखता येते एवढ्यावर समाधान मानू नका. जो तुम्हाला ओळखत नाही, दूर कुठेतरी बसून वेगळ्याच शब्दाने तिला शोधतो आहे, त्याच्यासाठी नाव लिहा. आणि कोणी काही मागायला आले आणि ते सापडले नाही, तर ‘नाही’ म्हणण्याआधी एकदा उठून मागे वळून बघा.